घर दाखवायचंय, जरा आवरून द्या!

घर आवरायला घेतलं की सामान तीन वाटांनी जातं. काही टेम्पोत, काही भंगारात, काही शेजाऱ्यांकडं. किस्से मात्र कुणीच नेत नाही! ते आपल्याच पदराला चिकटून घरी येतात. माझ्या घरात आता दुसरी काही अडगळ उरलेली नाही, पण हे किस्से एवढे साठलेत की चहाला कुणी आलं की एखादा तरी हातात देऊनच पाठवते.

आमचा कारभार तिघांचा. मी, कांबळे मॅडम, लातूरच्या सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळून रिटायर झालेली. दुसऱ्या शैलजाअक्का. गोलाईजवळ भांड्यांचं दुकान, गळ्यात इष्टलिंगाचा चांदीचा करंडा, आणि आवाज असा की शटर बंद असलं तरी पलीकडच्या फुटपाथला कळावं अक्का काय म्हणतायत ते. तिसरे हुसेनभाई पेंटर. कुणाला घर विकायचं असलं की आम्ही जायचं, पसारा उपसायचा, भिंती उजळायच्या आणि गिऱ्हाईक यायच्या आत घर बघण्यासारखं करून द्यायचं. अक्कांना मोडीची भांडी मिळतात, हुसेनभाईंना काम मिळतं. आणि मला काय मिळतं? हेच की!

*

"मॅडम, हे आवरायचं तुम्ही शिकलात कुठं?" असं लोक विचारतात. नव्या जिल्ह्यात शिकले!

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा मी नोकरीला लागले. उस्मानाबादहून ट्रक भरभरून गठ्ठे यायचे. उर्दूतले, मोडीतले, लाल फडक्यात बांधलेले. इकडं ना कपाटं, ना मांडण्या, ना धड इमारत. आमचे रेकॉर्डकीपर म्हणजे काटक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे काझीसाहेब. त्यांनी मला पहिल्याच दिवशी धडा दिला.

"बाई, दुनियेतले सगळे कागद चार ढिगांत बसतात. 'अ' म्हणजे कायमचा. 'ब' म्हणजे लई वर्षं ठेवायचा. 'क' म्हणजे थोडी वर्षं. आणि 'ड' म्हणजे वर्ष सरलं की फाडायचा. हे चार ढीग जमले की नोकरी जमली."

मी लगेच कामाला लागले. तेवढ्यात एका ट्रकमधून तीन पायांची खुर्ची उतरली. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, "साहेब, ही तर 'ड'!"

काझीसाहेबांनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा तौबा! ती 'अ'! चौथ्या पायाखाली विटा रचा. नवे साहेब उद्या हजर होतायत आणि त्यांना अजून खुर्ची आलेली नाही!"

*

मी रिटायर झाले त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले बिराजदार गुरुजी घर विकून पुण्याला लेकाकडं निघाले होते. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, तिन्ही उंबऱ्यातूनच माघारी! शेवटी एजंट माझ्याकडं आला. "मॅडम, तुम्ही फायली लावता तशा जरा गुरुजींच्या वस्तू लावून द्या की. पाय ठेवायला जागा न्हाई ओ."

मी अक्कांना घेऊन गेले. बघते तर हॉलमध्ये नऊ निळे ड्रम, पाण्यानं भरलेले. त्यांच्या मधल्या फटींत हंडे, कळशा, पातेली. कुकर भरलेला. शोकेसमधला बाऊल सेटसुद्धा भरलेला! गुरुजींच्या बायकोनं हळूच सांगितलं, "फुलदाणीत बी हाय थोडं."

घर दाखवायचं तर ड्रम हलवायला हवेत, आणि ड्रम हलवायचे तर पाणी सांडून चालणार नाही. मग गल्लीतल्या बायकांनी रांग केली. बादली बादली करत सगळं पाणी माझ्या परसात, मागोमाग रिकामे ड्रम. एक थेंब सांडला नाही! हॉल असा निघाला की गुरुजी स्वतःच म्हणाले, "आयला, इथं खिडकी होती व्हय!"

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानवाले नवरा-बायको घर बघायला आले. फिरून फिरून बघितलं. बाईंचा चेहरा काही खुलेना.

मी विचारलं, "काय झालं? घर आवडलं नाही?"

"घर झकास हाय. हवा बी खेळायली. पण..." बाई इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "ड्रम दिसंनात! मागच्या आठवड्यात रस्त्यावरून जाताना खिडकीच्या कोपऱ्यातून बघितलेते. नऊ होते. ते बघूनच तर आलो आम्ही! ड्रमासकट देणार असाल तर आत्ता पक्कं करू."

अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मॅडम, 'ड' म्हणजे ड्रम नव्हं ओ!"

*

माझी लेक नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहते. तिच्या शेजारी इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर होते, रिटायर झालेले. घर विकून भावाजवळ राहायला जाणार होते. लेकीचा फोन आला, "आई, सरांचं घर बघून जा. गिऱ्हाइकाला जिन्याखाली काय आहे ते दाखवायचीच सोय नाही."

जिन्याखाली काय होतं? छत्र्या! अकरा छत्र्या. लांब दांड्याच्या, घडीच्या, काडी तुटलेल्या, एक तर नुसता सांगाडा. आणि बाहेर काय, तर तीन वर्षं धड पाऊस नाही, गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायलेली.

सर तसे शहाणे माणूस. चार ढिगांची पद्धत त्यांना लगेच पटली. पुस्तकं पटापट वेगळी केली, जुने पेपर रद्दीत दिले, मोडका मिक्सर स्वतः उचलून बाहेर ठेवला. छत्र्यांपाशी आले आणि थांबले. एकेक हातात घ्यायचे, उघडायचे, मिटायचे आणि 'अ'मध्ये ठेवायचे. अकराच्या अकरा 'अ'मध्ये!

मी म्हटलं, "सर, एक ठेवा. फार तर दोन."

सर काकुळतीला आले. "मॅडम, पण समजा पाऊस आलाच तर?"

हुसेनभाई शिडीवर उभे होते. ब्रश तसाच हातात धरून म्हणाले, "सर, पाऊस आला ना, तर सगळं नांदेड भिजायला रस्त्यावर येईल. छत्री उघडणाऱ्याला लोक मारतील!"

सरांनी एक छत्री ठेवली. तीही, म्हणाले, उन्हासाठी.

*

धर्माबादला मिरचीच्या एका व्यापाऱ्याचं घर होतं. तळमजल्यावर वर्षानुवर्षं मिरचीची पोती, वर बिऱ्हाड. आता व्यापार बंद केला, पोती गेली, पण ठसका काही गेला नव्हता. गिऱ्हाईक दारात आलं की पहिली शिंक, जिन्यावर दुसरी, आणि हॉलमध्ये पोचेस्तोवर डोळे पुसत माघारी!

घरमालक बिचारे बेजार झाले होते. "मॅडम, आम्हाला तर वास येतच न्हाई. ह्या लोकांनाच काय होतंय?"

भिंती धुवाव्यात तर पाणी नाही. चुना द्यावा तर त्यालाही पाणी. हुसेनभाईंनी नाकाला रुमाल बांधला आणि ऑइल पेंट काढला. "ह्याला पाण्याचा थेंब लागत नाही." दोन हात दिले. कोपऱ्याकोपऱ्यात लिंबाच्या फोडी ठेवल्या, कापूर ठेवला. अक्कांनी फरशीवरून कोरडं फडकं फिरवलं, खिडक्या आठ दिवस सताड उघड्या ठेवल्या. मग एक मास्तर आले. दारात एक, जिन्यावर दुसरी! गेले.

आम्ही हात टेकले. निघायची तयारी करत होतो, तोवर निजामाबादकडचे एक पाहुणे आले. पांढरं धोतर, कपाळाला नाम. मागं त्यांची बायको. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पाहुणे दारात आले. थांबले. डोळे मिटले. आणि छाती भरून असा एक श्वास घेतला की मला वाटलं, गेला आता हा माणूस!

डोळे उघडून बायकोला म्हणाले, "बागुंदी!" म्हणजे छान आहे.

त्यांचाही मिरचीचाच धंदा होता! घर ठरलं तिथल्या तिथं. जाता जाता फक्त हुसेनभाईंना जरा रागावून गेले, "रंगाचा लई वास मारतोय ओ. तेवढा घालवा!"

*

त्या वर्षी घर बघायला येणारा माणूस देवघर बघायच्या आधी नळ सोडून बघायचा. औसा रोडच्या बाजूला एका ठेकेदाराचं घर होतं. त्यानं काय करावं? गिऱ्हाईक यायच्या सकाळी टँकर बोलावून वरची टाकी भरली आणि घरातले चारही नळ सोडून ठेवले!

"नुसता धबधबा दिसला पायजे," ठेकेदार खुशीत म्हणाला.

मी म्हटलं, "मला विचारलं तर मी टँकरचं सांगणार."

"विचारतंय कोण, मॅडम? समोर दिसायलंय की!"

गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारी आणि तिची नर्सची नोकरी करणारी लेक. म्हातारीनं आत पाऊल टाकलं, पाण्याचा आवाज ऐकला आणि काठी टाकून पळत सुटली! स्वयंपाकघरातला नळ बंद, मोरीतला बंद, संडासातला बंद, मागच्या दारचा बंद. श्वास लागला तिला. मग कमरेवर हात ठेवून ठेकेदाराकडं वळली.

"आमच्या गावाला घागरीसाठी बाया आडात उतरायल्या. आन् तू हितं मोरीला पाणी पाजायलास? चल गं, पोरी. ह्या घरात पाण्याची कदर न्हाई!"

म्हातारी गेलीसुद्धा. ठेकेदार तोंड उघडं ठेवून उभा. "मॅडम, आता?"

आता काय! पुढच्या गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, बोअर आटलाय, टँकर लागतो. घर विकलं. ठेकेदार मात्र अजून रस्त्यात कुणी काठीवाली म्हातारी दिसली की फुटपाथ बदलतो.

*

स्वयंपाकघर हा अक्कांचा प्रांत. तिथं मी बोलत नाही. आपल्याकडं भांड्यावर नाव टाकायची पद्धत, आणि अक्कांच्या दुकानात नाव टाकायचं मशीन. लातूरमधलं कुठलंही भांडं उपडं केलं की अक्का त्याची जन्मकुंडली सांगतात.

एका वहिनींकडं माळा उपसत होतो. वहिनी स्वभावानं भारी गोड, पण शेजारून आलेला डबा परत करायची त्यांना सवय नव्हती. अक्का एकेक भांडं हातात घेऊन हजेरी घेतल्यासारखं वाचायला लागल्या, "सौ. गंगाबाई! कै. शंकरराव यांच्या स्मरणार्थ! चि. बबलूच्या वाढदिवसानिमित्त!"

वहिनींचा बबलू नावाचा कुणीही नातेवाईक नव्हता. वहिनींनी घाम पुसला. "हळू ना, अक्का."

नेमकं त्याच वेळी गिऱ्हाईक आलं. एक तरुण बाई, सोबत नवरा. बाई ओट्यापाशी आल्या, समोरचा पितळी डबा सहज उचलला, उलटा केला आणि ओरडल्या, "अय्या! हा तर आमचा!"

डब्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव. सासर कधीकाळी याच गल्लीत भाड्यानं राहायचं. "अहो, सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीपासून हा डबा शोधायल्यात! घरात कायपण हरवलं की त्या आधी ह्या डब्याचं नाव काढतात!"

वहिनींचा चेहरा पांढराफटक. माझ्या मनात आलं, मोडला सौदा. बाईंनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. सगळी हकीकत सांगितली. मग पलीकडून सासूबाईंचा आवाज आला.

"डबा घावला का? मग घर घेऊनच टाक! बघू अजून काय काय निघतंय."

*

वाघमारे काकांची गोष्ट जरा वेगळी. काका एसटीत कंडक्टर होते. स्वच्छ माणूस. घरात आवरायला काही नव्हतंच. पुस्तकांचं एक कपाट, एक दिवाण, चार खुर्च्या. आणि हॉलच्या भिंतीवर फोटो.

भिंती मोकळ्या करा, असं मी सगळ्यांनाच सांगते. गिऱ्हाइकाला घर आपलं वाटलं पाहिजे. काकांनी लगेच स्टुलावर चढून फोटो उतरवायला घेतले. लग्नाचा काढला, नातवंडांचे काढले, रिटायरमेंटच्या हारातला काढला. दोन राहिले. वर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला फोटो. माझ्याही हॉलमध्ये हेच दोन आहेत, असेच शेजारी शेजारी.

एजंट खाकरला. "काका, तेवढे बी काढून ठेवले असते तर... म्हणजे कसंय, गिऱ्हाईक कसकसं येतंय..."

माझाच नियम माझ्यासमोर उभा होता.

काका शांतपणे स्टुलावरून उतरले. "माझा काढला, बायकोचा काढला, नातवाचा काढला. हे दोन न्हाई. ज्याला हे चालत न्हाईत, त्याला माझं घर चालत न्हाई. सोपं काम हाय."

हुसेनभाईंनी ती भिंत तसबिरी न हलवता रंगवली. कडेकडेनं, बारीक ब्रश घेऊन, अख्खा दिवस लावून.

पहिलं गिऱ्हाईक आलं, भिंतीकडं बघितलं, चहा न घेता गेलं. दुसरं "कळवतो" म्हणालं. एजंट माझ्याकडं बघायचा, मी खिडकीबाहेर बघायचे. महिना गेला. काकांनी एका शब्दानं विषय काढला नाही, पण त्यांचं पेपर वाचणं कमी झालं होतं.

तिसऱ्या वेळी बँकेतली एक तरुण मुलगी आली, वडिलांना घेऊन. दारातच दोघांनी चपला काढल्या. मुलगी भिंतीसमोर येऊन उभी राहिली. उभीच राहिली. म्हटलं, हीपण गेली.

ती वळली. "काका, फोटो तुम्ही घेऊन जाणार, ते खरंच आहे. पण खिळे ठेवून जाल का? आमचेही दोन आहेत. बरोबर तिथंच बसतील."

काका आत तोंड करून एवढंच म्हणाले, "ऐकलं का, चहा टाका! आलं जरा जास्त घाला!"

*

उदगीरच्या अप्पांचं घर हुसेनभाईंनी आजवर चार वेळा रंगवलंय. घर एकच, सौदा एकही नाही!

त्याचं असं होतं. अप्पा घर विकायला काढतात, रंग देतात, दारावर पाटी लावतात. तेवढ्यात गावात बातमी उठते, "उदगीर जिल्हा होणार!" अप्पा पाटी काढतात. "जिल्हा झाल्यावर भाव बघा!" बातमी विरते, रंग उडतो, पाटी परत लागते, हुसेनभाईंना फोन येतो.

रस्त्याकडची मोठी खोली अप्पांनी आमच्याकडून मुद्दाम रिकामी करून घेतली. तिथं खुर्चीसुद्धा ठेवू देईनात. "ही कलेक्टर हापिसाला भाड्यानं द्यायची हाय."

वर्षभर खोली रिकामी. शेवटी अप्पांची बायको वैतागली. "साकु, साकु! पुरे झाला तुमचा जिल्हा!" आणि तिनं त्या खोलीत वाळवणं पसरली.

मागच्या खेपेला आम्ही एक गिऱ्हाईक घेऊन गेलो. त्यांनी त्या खोलीचं दार ढकललं आणि विचारलं, "ही कसली खोली?"

आतून अप्पांच्या बायकोचा आवाज आला, "कलेक्टर हापीस हाय ते! पापड तुडवू नका!"

*

आणि जिजी. जळकोटच्या जिजी.

जिजींना तीन लेक. थोरला लातूरला, मधला नांदेडला, धाकटा पुण्याला. तिघंही चांगले, माणुसकीचे. फक्त कुणाचीही बदली झाली, कुणी नवं सामान घेतलं की जुनं कुठं ठेवायचं? "राहू दे जिजीकडं!" असं करत करत जिजींच्या घरात दोन फ्रिज, तीन पलंग, एक सोफासेट, व्यायामाची सायकल, पाळणा, मासे नसलेली माशांची पेटी आणि टीव्हीचे सात रिकामे खोके जमले होते. जिजी स्वतः बोळात खाट टाकून झोपायच्या. कूस बदलायची तर सायकलचं पायडल लागायचं.

जिजींनी घर विकायचं ठरवलं. गावातच धाकट्या बहिणीच्या शेजारी दोन खोल्या मिळत होत्या. "मला दोन खोल्या लई झाल्या," म्हणाल्या. लेकांनाही ते पटलं. अडलं कुठं, तर सामानापाशी! गिऱ्हाईक यायचं, दारातून आत डोकवायचं आणि विचारायचं, "गोडाऊन हाय का?"

मी तिन्ही लेकांना फोन केले. थोरला म्हणाला, "पुढच्या महिन्यात नेतो." मधला म्हणाला, "दिवाळी होऊ द्या." धाकटा म्हणाला, "मॅडम, मी मीटिंगमध्ये आहे." दोन महिने गेले. दोन खोल्यांचा मालक घाई करायला लागला. जिजींची बहीण रोज येऊन विचारायची, "जिजी, येतीस का न्हाई?" जिजी सुपारी कातरत बसायच्या.

त्या सगळ्या पसाऱ्यात आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. हिरवं, जुनं, कुलूपबंद. किल्ली जिजींच्या कमरेला. जिजींचे यजमान गेल्यापासून ते कपाट कुणी उघडलेलं बघितलं नव्हतं. आत सोनं आहे, असं थोरल्या सुनेचं म्हणणं. शेताची कागदं असतील, असं मधलीचं. धाकटी म्हणायची, "काहीतरी आहे एवढं नक्की. नाहीतर कुलूप कशाला?"

मी एकदा विचारलं, "जिजी, हे कपाट कुठल्या ढिगात टाकू?"

"त्याला हात लावू नका, मॅडम," जिजी म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "पोरांना फोन लावा. सांगा, जिजी कपाट उघडायली."

मी फोन लावले. शनिवारी सकाळी तिघंही दारात हजर! सुनांसकट. पुण्याचा तर सगळ्यात आधी पोचला.

जिजी खाटेवर बसून होत्या. किल्ली काढून मांडीवर ठेवली. "उघडते की. पण कपाटापातूर जायला वाट कुठं हाय? आधी तुमचं तुमचं न्या. घर मोकळं झालं की उघडते."

मी चौतीस वर्षं नोकरी केली, पण असं काम होताना बघितलं नाही! तासाभरात तीन टेम्पो. दोन्ही फ्रिज निघाले, पलंग निघाले, सोफा निघाला. हा कुणाचा पाळणा, यावर वाद नाही. हे खोके कुणाचे, यावर चर्चा नाही. मधला लेक तर व्यायामाची सायकल डोक्यावर घेऊन पळत होता. अक्का दारात उभ्या राहून मोजल्यासारखं ओरडायच्या, "चला, चला, अजून माशाची पेटी ऱ्हायली!" हुसेनभाईंनी रिकाम्या झालेल्या खोलीत झाडू मारला. चार वाजेस्तोवर घर आरपार मोकळं. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातलं लिंबाचं झाड दिसत होतं.

जिजी उठल्या. साऱ्या घरातून एकदा सावकाश चालत गेल्या. पदरानं खिडकीचा कठडा पुसला. मग आतल्या खोलीत आल्या. त्यांच्या मागं तीन लेक, तीन सुना, मग आम्ही तिघं.

किल्ली फिरली. दार करकरलं.

कपाट रिकामं होतं.

चारही कप्पे रिकामे. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, घडी न मोडता, कडेला कड लावून. धुळीचा कण नाही. एका कोपऱ्यात डांबराच्या दोन गोळ्या. बस.

थोरल्यानं हात घालून वरचा कप्पा चाचपून बघितला. मधल्यानं कागद उचलून खाली बघितलं. धाकटा नुसताच बघत राहिला. जिजींनी मधल्याच्या हातातला कागद घेतला, परत नीट अंथरला, तळहातानं सुरकुती काढली आणि दार लावून घेतलं. कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

"मॅडम, हे कपाट माझ्यासंग न्यायचं. असंच."

थोरल्या सुनेला राहवेना. "जिजी, पण आत काहीच न्हाई! मग एवढी वर्षं कुलूप कशाला लावलं?"

जिजींनी तिच्याकडं बघितलं.

"रिकामं ऱ्हावं म्हणून!"